एका लॉकआउटची गोष्ट

मागच्या शनिवारी लिहायचं राहिलं. कारण आळस नव्हता (या वेळी तरी). मागच्या शनिवारी मी एक आरसीए लिहीत बसले होते. ज्यांना हा शब्द माहीत नाही ते सुखी आहेत. आरसीए म्हणजे घोळ झाल्यावर तो का झाला याचं मूळ शोधून लिहायचा निबंध. शाळेत 'माझी चूक' असा विषय कधी आला नाही, तो इथे दर दोन-तीन महिन्यांनी येतो.

तर झालं असं...

आमचा क्लायंट पुण्याजवळचा एक कारखाना. त्यांच्या कंत्राटी कामगारांच्या हजेरीचं आणि पगाराचं सॉफ्टवेअर आमची टीम सांभाळते. गेटवरच्या मशीनवर लोक बोट टेकवतात, त्याचे तास होतात, तासांचे पैसे होतात, आणि महिन्याच्या सात तारखेला पहाटे बँकेला फायली जातात. हे सगळं रात्री दीड वाजता आपोआप सुरू होतं. माणूस लागत नाही, म्हणून तर त्याला बॅच जॉब म्हणायचं. साधारण अकराशे लोक, तेवीस ठेकेदार, ठेकेदारागणिक एक फाईल.

आता माणूस नसला तरी कॉम्प्युटरला कुणीतरी लॉगिन केल्याशिवाय काही करता येत नाही. म्हणून एक खोटा माणूस तयार करतात. त्याला सर्व्हिस अकाउंट म्हणतात. आमच्या खोट्या माणसाचं नाव एसव्हीसी-बॅच. त्याला टेबल नाही, खुर्ची नाही, रजा नाही, पगार तर नाहीच, पण पासवर्ड आहे. आणि क्लायंटच्या ऑडिटवाल्यांचा नियम असा की दर नव्वद दिवसांनी तो बदलायचा.

गुरुवारी, म्हणजे सहा तारखेला संध्याकाळी, मी तो बदलला.

पगाराच्या आदल्या दिवशी? हो. मुदत सातला संपत होती आणि मी आठवडाभर "उद्या करू, उद्या करू" करत होते. हे आरसीएमध्ये पण लिहिलंय, त्यामुळे इथे लपवण्यात अर्थ नाही.

पासवर्ड बदलणं म्हणजे एका जागी बदलून भागत नाही. घराचं कुलूप बदललं की नव्या किल्ल्या सगळ्यांना द्याव्या लागतात ना, कामवाल्या मावशींना, शेजारच्या काकूंना, तसंच. एसव्हीसी-बॅचचा पासवर्ड कुठे कुठे लिहून ठेवलाय याची आमच्याकडे एक शीट आहे. अकरा जागा. सहा शेड्यूल्ड टास्क, दोन विंडोज सर्व्हिस, एक वेबसाईटचा अॅप पूल, दोन कॉन्फिग फायली. मी अकराही जागी बदलला, प्रत्येकासमोर बरोबरची खूण केली, सात वाजता एक टेस्ट जॉब चालवून बघितला. सगळं हिरवं. घरी येऊन मुगाची खिचडी केली आणि साडेदहाला झोपले. ऑन-कॉल माझाच होता, पण म्हटलं आज काय होणारे.

एक वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला.

जॉब पडला होता. एरर अशी की अकाउंट लॉक झालंय. अंधारात लॅपटॉप उघडला, व्हीपीएनने नेहमीप्रमाणे दोनदा नाटकं केली, आणि एक त्रेपन्नला मी डोमेनवर पोचून बघते तर अकाउंट लॉक नाहीच! ठणठणीत उघडं. मला वाटलं झोपेत एरर चुकीची वाचली. परत वाचली. लॉकच लिहिलेलं. म्हटलं जाऊ दे, सुटलं ना, आणि जॉब परत लावला.

ही माझी रात्रीतली पहिली चूक. आपोआप सुटलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवू नये.

पहिला टप्पा, म्हणजे तासांचे पैसे करणं, नीट झाला. दुसऱ्या टप्प्यात तो एकेका ठेकेदाराची फाईल दुसऱ्या सर्व्हरवर लिहितो आणि प्रत्येक फाईलसाठी नव्याने लॉगिन करतो. नऊ फायली झाल्या आणि दोन वाजून सोळा मिनिटांनी धाडकन बंद. अकाउंट लॉक.

आता गंमत बघा. जॉब सुरूच झाला नसता तर परवडलं असतं. पण नऊ ठेकेदारांच्या फायली तयार आणि चौदांच्या नाहीत, ही सगळ्यात वाईट अवस्था. तशाच ठेवून परत लावलं आणि कुठे काही चुकलं, तर नऊ ठेकेदारांच्या माणसांना दोनदा पगार. तो परत मागायला जाणार कोण? झोप पूर्ण उडाली. मी आमच्या लीडला उठवलं. मग क्लायंटचा मॅनेजर पण कॉलवर आला.

हे लॉक प्रकरण काय असतं ते थोडक्यात सांगते. कुणी पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करत बसू नये म्हणून ॲक्टिव्ह डिरेक्टरीत तीन आकडे ठरवलेले असतात. किती वेळा चुकलं की लॉक करायचं, किती वेळ लॉक ठेवायचं, आणि चुकांची मोजणी किती वेळाने परत शून्यावर आणायची. आमच्या क्लायंटकडे पाच चुका, तीस मिनिटं, तीस मिनिटं. म्हणजे कुणीतरी कुठूनतरी एसव्हीसी-बॅचच्या नावाने चुकीचा पासवर्ड पाच वेळा मारला होता, अर्ध्या तासाने लॉक सुटलं होतं, आणि त्याने परत पाच वेळा मारला होता. चिकाटीचा माणूस.

कोण?

मी लॉग शोधायला लागले. लॉकआउटची नोंद ४७४० नंबरच्या इव्हेंटमध्ये होते आणि त्यात एक फार उपयोगाची गोष्ट असते: कुठल्या मशीनवरून हा उद्योग झाला त्याचं नाव. मी डोमेन कंट्रोलरवर शोधलं. काही नाही. परत शोधलं. काही नाही. वीस मिनिटं गेल्यावर लीडने विचारलं, "कुठल्या डीसीवर बघतेयस?" मी सांगितलं, एक नंबरच्या. तो म्हणाला, "पीडीसी एम्युलेटर तिसरा आहे. तिथे बघ."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

डोमेन कंट्रोलर तीन होते. चुकांचा आकडा प्रत्येक कंट्रोलर आपापल्यापुरता मोजतो, तो एकमेकांना सांगत नाही. पण चुकीचा पासवर्ड आला की कंट्रोलर एकदा पीडीसी एम्युलेटरला विचारून बघतो की बाबा तुझ्याकडे नवीन पासवर्ड आलाय का, आणि म्हणून त्या एकाकडे सगळा हिशोब जमतो. हे मला माहीत होतं. इंटरव्ह्यूत मी हे उत्तर दिलंय. रात्री अडीच वाजता इंटरव्ह्यूतली उत्तरं आठवत नाहीत.

तिसऱ्यावर ४७४० सापडले. १:२० चा एक आणि २:१५ चा एक. मशीनचं नाव: टेम्प-०२.

हे मशीन शीटमध्ये नव्हतं. आणि इथे मी जे बोलले ते शब्दशः लिहिते, कारण या सगळ्या प्रकरणात मला त्याचीच लाज वाटते. कॉलवर क्लायंटचा मॅनेजर ऐकत असताना मी म्हणाले, "हे मशीन हँडओव्हरमध्येच नव्हतं. आधीच्या लोकांनी नीट लिहून ठेवलेलं नाही."

आधीचे लोक म्हणजे एकच माणूस. आमचे जुने सर. त्यांनी सहा वर्षं हा प्रोजेक्ट सांभाळला, मला बोट धरून शिकवला, आणि मागच्या वर्षी दुसरीकडे गेले. ती शीट त्यांचीच. क्लायंटच्या मॅनेजरने लगेच ते मेलमध्ये टाकलं, नावानिशी. मी ती मेल वाचली आणि काही बोलले नाही.

टेम्प-०२ चा आयपी कारखान्याच्या गेटकडच्या नेटवर्कमधला निघाला. तिथे आमच्या व्हीपीएनवरून रिमोट लॉगिन चालत नाही. कारखान्याच्या आयटीवाल्यांचा फोन वाजून वाजून बंद पडत होता. दरम्यान मी एक पॉवरशेलची ओळ लिहून ठेवली होती, दर मिनिटाला अकाउंट अनलॉक करणारी. खरं सांगते, ती चालवायच्या बेतातच होते. लीड म्हणाला, "आणि तो चुकीचा पासवर्ड मारणारा खरंच कुणी बाहेरचा असेल तर?" मी ती विंडो बंद केली.

ऑन-कॉलच्या यादीत दोन नंबर गेटच्या सिक्युरिटी केबिनचा नंबर होता. तीन वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे बरोबर तिसऱ्यांदा लॉक होत असताना, मी तो लावला. एका काकांनी उचलला. बीडकडचं बोलणं.

"काका, तुमच्या केबिनमधे कॉम्प्युटर आहे का?"

"हाय की. पर बंद ऱ्हातोय तो. त्याच्यावर आम्ही रजिस्टर ठिवतो."

"त्याच्यावर काही स्टिकर आहे का? टेम्प असं काही?"

थोडा वेळ खुडबुड. "टी, ई, एम, पी... झिरो, दोन."

स्क्रीन बंद होता. मशीन चालू होतं. रजिस्टरखाली, कोण जाणे किती महिने.

"काका, त्याच्या मागची नेटवर्कची वायर काढाल का?"

"लई वायरी हायेत मॅडम. कोणची काढू?"

मग व्हॉट्सॲपवर फोटो, त्यावर मी लाल गोल काढला, त्यांनी निळी वायर काढली. तीन वाजून तेवीस मिनिटं. लीडने अकाउंट अनलॉक केलं. आम्ही दोघं काही न बोलता पीडीसीच्या लॉगकडे बघत बसलो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. एकही चूक नाही.

फोन ठेवायच्या आधी काकांनी विचारलं, "मॅडम, उद्या पगार हुईल ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की सिक्युरिटी पण ठेकेदाराचीच आहे. काका त्या अकराशेमधले होते.

पुढचं थोडक्यात. नऊ फायली बँकेकडे गेलेल्या नाहीत याची खात्री केली, काढून टाकल्या, जॉब पहिल्यापासून लावला. पण एकदा अर्धवट फायली झाल्या की पगार अधिकाऱ्याने आकडे जुळवून मान्यता दिल्याशिवाय फायली पुढे पाठवायच्या नाहीत असा नियम आहे (आणि बरोबर आहे). ते उठले पाच वाजून दहा मिनिटांनी. फायली गेल्या पाच पन्नासला. बँकेच्या सकाळच्या पहिल्या फेरीची वेळ साडेपाच. वीस मिनिटांनी चुकली. सकाळी जमा होणारे पैसे दुपारी एकच्या सुमारास जमा झाले.

"हॅः, सहा-सात तासांनी काय होतंय" असं मीही म्हटलं असतं. पण त्या दिवशी मी कारखान्यात गेले होते. टेम्प-०२ बघायला कुणीतरी जायलाच हवं होतं. अकरा वाजता दोन नंबर गेटला पोचले तर बाहेरच्या बाकावर एक काका बॅग घेऊन बसलेले. ड्यूटी सातलाच संपली होती. सकाळी एटीएममधून पैसे काढून गावाकडची एसटी पकडायची असं त्यांचं ठरलं होतं. आवाजावरून ओळखलं. "तुम्हीच का रात्रीच्या मॅडम?" म्हणाले, आणि मला वायर दाखवायला स्वतः केबिनमध्ये आले. जणू त्यांचंच काही चुकलं होतं.

केबिनमध्ये पाऊल टाकल्याबरोबर मला काहीतरी आठवायला लागलं. भिंतीवरचं कालनिर्णय, खिडकीतली तुळशीची कुंडी... मी इथे येऊन गेले होते. खरं म्हणजे रात्री 'दोन नंबर गेट' ऐकलं तेव्हाच आठवायला हवं होतं.

स्क्रीन चालू केला. टास्क शेड्यूलर उघडला. एकच टास्क. रोज रात्री एक वाजता सुरू, दर पाच मिनिटांनी परत, तीन तास. युजर एसव्हीसी-बॅच. एरर १३२६, युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा. आणि त्याच्या वरच्या बाजूला ऑथर नावाचा एक रकाना असतो. टास्क कुणी बनवला ते विंडोज आपणहून लिहून ठेवतं.

तिथे माझं नाव होतं.

नऊ महिन्यांपूर्वी दोन नंबर गेटचं हजेरीचं मशीन बिघडलं होतं. रात्रपाळीची हजेरी मुख्य सर्व्हरकडे पोचत नव्हती. मी दोन दिवस कारखान्यात होते, दहा कामं एकदम चालली होती, आणि पगार अधिकाऱ्यांनी "तात्पुरतं काहीतरी करून द्या हो" म्हटलं म्हणून मी एका रिकाम्या पीसीवर टास्क टाकला. हजेरीची फाईल उचलून सर्व्हरवर ठेवणारा. घाईत हाताशी होतं तेच अकाउंट दिलं. पंधरा दिवसांनी मशीन दुरुस्त झालं. टास्क राहिला. शीटमध्ये लिहिला नाही, कारण तात्पुरता होता ना!

मग प्रश्न असा की नऊ महिन्यांत पासवर्ड तीनदा बदलला, तर आधीच्या दोन वेळी लॉक का नाही झालं? यावर मी शुक्रवारची अख्खी संध्याकाळ घालवली, आणि उत्तर सापडलं तेव्हा खुर्चीत मागे टेकून हसले. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत एक सोय आहे. आलेला चुकीचा पासवर्ड त्या अकाउंटच्या मागच्या दोन जुन्या पासवर्डांपैकी एक असेल, तर आत घेत नाही, पण चूक म्हणून मोजतही नाही. हेतू चांगला आहे. नुकताच पासवर्ड बदललेला माणूस सवयीने जुना टाकणारच, त्याला कशाला शिक्षा. म्हणजे माझा टास्क पहिल्या बदलानंतर रोज रात्री दार वाजवत होता आणि दारवान "अरे हा ओळखीचा आहे, विसरला असेल" म्हणून नुसता परत पाठवत होता. दुसऱ्या बदलानंतरही तेच. तिसऱ्या बदलानंतर तो ओळखीचा राहिला नाही.

सहा महिने एक टास्क रोज रात्री छत्तीस-सदतीस वेळा पडत होता आणि जगात कुणाचं काही अडलं नाही. अडलं तेव्हा भलत्याचंच अडलं.

आता यावर उपाय काय? आमच्याकडे सोमवारी मीटिंग झाली आणि नेहमीप्रमाणे दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे सर्व्हिस अकाउंटला लॉकआउटच नको. २००८ च्या विंडोज सर्व्हरपासून वेगळ्या ग्रुपला वेगळी पासवर्ड पॉलिसी लावता येते, लावून टाका. यात तथ्य आहे. पासवर्ड भला मोठा आणि मशीनने बनवलेला असेल तर पाच काय पाच लाख वेळा मारून कुणाला तो ओळखता येणार नाही. उलट लॉकआउटमुळे ज्याला अकाउंटचं नुसतं नाव माहीत आहे असा कुणीही पाच चुकीचे पासवर्ड मारून अकराशे लोकांचा पगार थांबवू शकतो. दुसरी पार्टी सिक्युरिटीवाल्यांची. ते म्हणे, लॉक झालं नसतं तर तुम्हाला टेम्प-०२ कधी कळलं असतं का? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझं मत विचाराल तर (कुणी विचारलं नाही) आकडा वाढवावा, पण चुकांची अलार्म लावावी. पाच चुकांना लॉक करण्याऐवजी पाच चुकांना कुणाला तरी मेल. आणि एका अकाउंटवर अकरा कामं ठेवू नयेत. आमच्या एसव्हीसी-बॅचची अवस्था एकत्र कुटुंबातल्या एकुलत्या एक कमावत्या माणसासारखी झाली होती. तो अडकला की सगळं घर अडकलं.

शेवटी ठरलं ते असं. जे टास्क आणि सर्व्हिस विंडोजच्या आतल्या आत आहेत त्यांना ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंटवर न्यायचं. ही सोय २०१२ च्या विंडोज सर्व्हरपासून आहे, इतकी वर्षं झाली, आणि आम्ही शीटमध्ये खुणा करत बसलो होतो. यात पासवर्ड २४० बाइटांचा असतो, मशीन बनवतं, कुठल्याच माणसाला माहीत नसतो, आणि काही वेगळं सांगितलं नाही तर दर तीस दिवसांनी आपोआप बदलतो. तो कुठल्या मशीनने वाचायचा याची यादी अकाउंटवरच लिहिलेली असते. यादीत नाही त्याला पासवर्ड मिळतच नाही. म्हणजे माझ्यासारखी कुणी रिकाम्या पीसीवर "तात्पुरतं" म्हणून टास्क टाकायला गेली तर तो पहिल्याच दिवशी चालणार नाही. मला हे सगळ्यात आवडलं. (सुरुवात करताना मात्र डोमेनमध्ये एक मूळ किल्ली बनवावी लागते आणि ती बनवल्यावर दहा तास थांबावं लागतं, सगळ्या कंट्रोलरपर्यंत पोचावी म्हणून. लीडला हे माहीत नव्हतं. त्याने दुपारी चार वाजता सुरू केलं आणि मग आम्ही सगळे घरी गेलो.)

बँकेकडे फाईल पाठवणारा प्रोग्राम जुना आहे, त्याला हाताने टाकलेलाच पासवर्ड लागतो. त्याच्यासाठी दोन अकाउंट ठेवलेत, आलटून पालटून. चालू अकाउंटला हात न लावता दुसऱ्याचा पासवर्ड बदलायचा, काम त्याच्यावर न्यायचं, आठवडाभर बघायचं की जुन्याच्या नावाने कुणी दार वाजवतंय का, आणि मग जुनं बंद. तो आठवडा महत्त्वाचा. कारण त्या आठवड्यात शीटमध्ये नसलेले सगळे लॉगमध्ये दिसतात, आणि पगार अडकत नाही.

ऑडिटवाल्यांशी नव्वद दिवसांवरून वाद घालायचा मोह झाला होता. माणसांना ठराविक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नका असं अमेरिकेच्या निस्टने २०१७ मध्येच सांगितलं आणि मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपल्या सिक्युरिटी बेसलाईनमधून ती अट काढली. पण लीड म्हणाला की ते माणसांचं, आणि एसव्हीसी-बॅचचा पासवर्ड कंपनी सोडून गेलेल्या किती जणांना माहीत असेल ते मोज. मी मोजले. मला आठवणारेच सात निघाले. गप्प बसले.

आता आरसीएबद्दल. शनिवारी सकाळी लिहायला बसले तेव्हा क्लायंटच्या मॅनेजरची ती मेल समोर होती, 'आधीच्या टीमने नोंद ठेवली नाही'. तो एक शब्द तसाच ठेवला असता तर कुणालाही कळलं नसतं. ऑथरच्या रकान्यातलं नाव फक्त मी पाहिलं होतं. टास्क तर मी तिथल्या तिथे काढून टाकला होता. मी कॉफी केली. कपाट आवरलं. आईला फोन केला, ती म्हणाली आवाज असा का येतोय, जेवलीस का. मग येऊन लिहिलं: टास्क नऊ महिन्यांपूर्वी मी बनवला, मी नोंद केली नाही, आणि आधीच्या सहकाऱ्यांबद्दल कॉलवर केलेलं विधान चुकीचं होतं. ती मेल सगळ्यांना पाठवली, ज्या ज्या लोकांना पहिली गेली होती त्यांना. सोमवारी कुणी काही बोललं नाही. क्लायंटच्या मॅनेजरने अंगठा पाठवला, बस्स.

पण सरांना काही ती मेल जाणार नव्हती. म्हणून रविवारी त्यांना फोन केला. सगळं सांगितलं, रात्री काय बोलले तेही सांगितलं. ते आधी खूप हसले. मग म्हणाले, "अगं, ती शीट माझी नव्हतीच. मला पण माझ्या आधीच्याने दिली होती. मी त्यात दोन ओळी वाढवल्या फक्त."

मी म्हटलं, "तरीपण सॉरी, सर."

"ते राहू दे. आता सगळं शोधतेच आहेस तर बॅकअप सर्व्हरवर पण बघ. माझा एक टास्क असेल तिथे. २०१९ चा."

"त्याने कधी लॉक नाही झालं?"

"तो रविवारी पहाटे एकदाच चालतो गं. पाच चुका कधी भरतच नाहीत त्याच्या."

सोमवारी सकाळी सगळ्यात आधी बॅकअप सर्व्हर उघडला. होता.